चहा ओतल्यावरची दोन बोटं

ते प्रकरण काही केल्या मनातून जात नाही. समोर चहाचा कप आला की आधी तेच आठवतं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. मी भुसावळला फौजदार होतो. स्टेशनाबाहेर एका चिनी माणसाचं चार बाकांचं हॉटेल होतं. पातळ पारीत सारण भरून बांबूच्या टोपलीत वाफवलेले घास तो विकायचा. त्यांना तो दिमसम म्हणे. आपल्या खानदेशातल्या वाफवलेल्या डाळीच्या फुणक्यांचे गोरेगोमटे भाऊबंदच म्हणा. कोबीचे मी आवडीनं खायचो.

भुसावळात मुक्काम असला की रोज सकाळी तिथं त्याचा एक देशबंधू येई. सायकलवर रेशमी कापडाचे गठ्ठे बांधून धुळ्याकडची खेडी पालथी घालणारा, चांगली अहिराणी बोलणारा फेरीवाला.

एक दिवस रेल्वेतले तारबाबू ठाण्यात आले. "साहेब, तो कापडवाला टेबलावर बोटांनी तारयंत्रासारखी तार ठोकतो आणि हॉटेलवाला ऐकतो. फलाटावर पलटणीची गाडी असली तरी चालूच."

माणूस प्रामाणिक होता. पण अर्धं भुसावळ रेल्वेचं. टकटक ऐकली की तिथं तारच आठवणार. मी वर कळवलं. हुकूम आला, चौकशी करा, जपान्यांसाठी हेरगिरी दिसली तर नजरकैदेच्या छावणीत रवाना करा.

फेरीवाल्याला आणलं, तारबाबूंनाही बसवून घेतलं. पंचांसमोर गठ्ठे सोडले, रेशमाशिवाय काही निघालं नाही. "बोटांनी काय सांगत होतास?" मी दरडावून विचारलं. तो स्वतःच्याच हातांकडे बघत राहिला.

"मनं काय चुकनं, भाऊ?"

खोटं बोलणाऱ्याकडे उत्तर तयार असतं. हा उलट मलाच विचारत होता.

माझा हवालदार धुळ्याकडचा. "साहेब, हाऊ माणूस खोटा नई शे," असं पुटपुटत त्यानं सगळ्यांना किटलीतून चहा ओतला. फेरीवाल्याच्या कपात धार पडली आणि त्यानं दोन बोटं वाकवून टेबलावर टकटक केली.

"बघा, हेच ते," तारबाबू म्हणाले.

मी पुन्हा ओतायला लावलं. पुन्हा टकटक. मग किटली तारबाबूंच्याच हाती दिली. त्यांनी ओतलं, तर टकटक त्यांच्यासाठीही झाली. तारबाबू किटली ठेवून खाली बसले.

हॉटेलवाल्याला बोलावलं, तेव्हा उलगडा झाला. त्यांच्याकडे चहा ओतणाऱ्याचे आभार असे मानतात, चाललेलं बोलणं न तोडता. वाकवलेली बोटं म्हणजे वाकून केलेला नमस्कार.

त्याच दुपारी मी त्याला सोडलं. कागदोपत्री प्रकरण मिटलं, पण अफवेला जामीन लागत नाही. ज्या ओट्यांवर बायाबापड्या त्याला बसवून रेशीम बघायच्या, तिथली दारं लागू लागली. 'हेर' हा शब्द त्याच्या सायकलीच्या आधी गावात पोचायचा. शेवटी त्यानं खानदेश सोडायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी तो हॉटेलवाल्या मित्राकडे दिमसम खायला बसला होता. मी मुद्दाम गेलो. माफी मागायची होती, पण अंगात वर्दी होती. म्हणून किटली उचलली आणि त्याच्या कपात मीच चहा ओतला.

त्याची बोटं टेबलापर्यंत आली. माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे त्यानं पाहिलं आणि हात टेबलाखाली घेतला.

"मेहेरबानी, साहेब," तो तोंडानं म्हणाला. चौकशीतसुद्धा तो मला भाऊ म्हणाला होता.

निर्दोष सुटलेल्याला त्याचं सगळं परत मिळतं, असं आम्ही पोलीस धरून चालतो. तसं नसतं. नोकरीत मी पुष्कळांना बोलतं केलं. त्या माणसाची दोन बोटं मात्र माझ्यासमोर गप्प झाली, आणि त्याची चुटपुट मला आजही आहे.