स्वच्छ पायांचा गुरुवार

तारिहाळच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथ चालवून प्रभंजन उजागरे निवृत्त झाले, तेव्हा घरी आल्याबरोबर त्यांनी गजराच्या घड्याळाचा सेल काढला. तो खिडकीत ठेवला, मिशीवरून हात फिरवला आणि नाटकातल्या राजानं फर्मान काढावं तशा आवाजात बायकोला सांगितलं, "शालिनी, आजपासून मी मोकळा. भोंगा नाही, हाक नाही. मी आता कुणाचा नोकर नाही."

"बरं," शालिनीबाई म्हणाल्या. "मग मोकळ्या माणसा, गिरणीतून दळण घेऊन या."

दळण आलं, पण तेवढंच. शेजाऱ्यांचा नळ गळू लागला, चर्चमध्ये खुर्च्या मांडायला माणूस हवा झाला. प्रभंजनराव पेपरातून डोकं वर काढून 'मी आता कुणाचा नोकर नाही' हेच वाक्य म्हणत. मुरलेल्या नटानं प्रत्येक प्रवेशात ठरलेली टाळी घ्यावी, तशा थाटात. केशवापुरातल्या त्यांच्या सगळ्या गल्लीला ते पाठ झालं होतं.

ईस्टरच्या आधीच्या सोमवारी लक्कव्वा दारात आली. गल्लीच्या तोंडाशी फुलं विकणारी, सत्तरीची, जिभेला सुरीची धार. डाव्या पायाला फडकं गुंडाळलेलं.

"अण्णा, साखर हाय की मला. अंगठ्याला जखम झालीया. डॉक्टर म्हनला, तीन आठवडे रोज धुऊन पट्टी बदल, न्हाईतर अंगठा काढावा लागंल. रोज सकाळी तेवढं दवाखान्यापर्यंत गाडीवरनं सोडशील काय?"

"रोज?" प्रभंजनराव खुर्चीत सावरून बसले. "एखादे दिवशी सोडतो, लक्कव्वा. रोजचं बंधन आता नको बघ. चौतीस वर्षं तेच केलं."

"होगली बिडु. राहू दे," म्हणत ती लंगडत गेली.

शालिनीबाई आतून ऐकत होत्या. त्यांनी चहाचा कप नवऱ्यापुढे जरा जोरातच आदळला. नवऱ्याला त्या आवाजाची भोंग्यापेक्षा जास्त भीती वाटली.

गुरुवार आला. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. इतकी वर्षं प्रभंजनरावांची कारखान्यातली दुसरी पाळी आडवी यायची. यंदा पहिल्यांदाच बारांत नाव लागलं होतं. आता पाय धुऊन घ्यायचे म्हणजे ते दाखवण्याजोगे नकोत का? बाराही जणांच्या घरी दोन दिवस हीच गडबड असते. प्रभंजनरावांनी वजरीनं टाचा घासल्या, नखं कापली, खोबरेल चोळलं. कोप्पीकर रोडवरून नव्या चपला आल्या. लग्नातसुद्धा त्यांच्या पायांचे एवढे लाड झाले नव्हते.

पाळकसाहेब घंगाळ सरकवत त्यांच्यापुढे आले, वाकले आणि थांबले.

"उजागरे, माझ्यासाठी काही काम शिल्लक ठेवलं नाहीत की."

हशा पिकला. प्रभंजनरावही हसले. पाळकसाहेब मात्र घंगाळात बघत होते.

"बावीस वर्षं मी हे घंगाळ घेऊन फिरतोय. यातलं पाणी एकदाही गढूळ झालं नाही. तुम्ही सगळे धुऊन आलेले पाय मला धुवायला देता. प्रभूनं धुतले ते रस्त्यावरून आलेले पाय होते." ते तसेच गुडघ्यांवर बसून बोलत राहिले. "ख्रिस्तानं आपल्याला मोकळं केलं असं आपण म्हणतो. खरं आहे. पण कशासाठी? हात बांधलेल्या माणसाला कुणाचे पाय धुता येत नाहीत. ते मोकळ्या माणसाचंच काम."

भरल्या थिएटरात आपलाच लाडका शब्द दुसऱ्याच्या तोंडी यावा आणि त्याचा अर्थ भलताच निघावा, तसं प्रभंजनरावांचं झालं. खोबरेलाचे थेंब पाण्यावर तरंगत होते. पाय लपवायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सात वाजता त्यांनी लक्कव्वाच्या खोलीसमोर स्कूटर लावली.

"का वो अण्णा? एखादा दिवस आजच उजाडला व्हय?"

"गप बस गाडीवर."

"आणि उद्या?"

"उद्याही." घसा खाकरून ते म्हणाले, "सोमवारी चुकलं माझं."

लक्कव्वानं त्यांच्याकडे नीट बघितलं, पदर खोचला आणि ती स्कूटरवर बसली.

रविवारी दवाखाना बंद, म्हणून त्यांनी दोन दिवसांत तिथल्या सिस्टरकडून पट्टी बदलायचं सगळं शिकून घेतलं. ईस्टरच्या पहाटे पांढऱ्याशुभ्र शर्टात प्रभंजन उजागरे फुलांच्या टोपल्यांशेजारी गुडघे टेकून बसले. सिस्टरनं सांगितलं तसा आधी धुळीनं माखलेला पाय धुतला, मग औषधी पाण्यानं जखम.

"हळू वो. लेथवर चढवल्यागत काय धरतोस?"

"हलू नको, लक्कव्वा. माप चुकेल." खिशातली स्टीलची मोजपट्टी जखमेपासून जरा वर धरून ते म्हणाले, "बावीस मिलिमीटर. लिहून ठेवतो."

पट्टी बांधून झाली. चर्चची घंटा कधीच वाजून गेली होती. प्रभंजनराव मात्र आधी पाय धुतलेल्या पाण्याचं भांडं घेऊन घरी गेले आणि दारातच ते बायकोसमोर धरलं.

"शालिनी, बघ. गढूळ झालं."

शालिनीबाईंनी आत डोकावून पाहिलं, मग नवऱ्याकडे. "कुणाचे नोकर नव्हता ना तुम्ही?"

"नाहीच. नोकर असतो तर आज सुट्टी घेतली असती."

त्या रात्री खिडकीतला सेल घड्याळात गेला.

त्यानंतर रोज सकाळी सातला तेच लक्कव्वाचा पाय धुऊ लागले; जखम अठरा मिलिमीटर झाली, मग अकरा, मग चार. एकदा प्रभंजनरावांना सहा मिनिटं उशीर झाला, तर लक्कव्वानं भर गल्लीत त्यांचा असा उद्धार केला की कारखान्याचा भोंगा त्यापुढं बासरी वाटावा. चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, वाचला.

दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला प्रभंजनराव सवयीनं भांडं घेऊन हजर.

"आता काय धुतोस, अण्णा? सुटलास तू. जा, मोकळा झालास."

प्रभंजनराव भांडं हातात घेऊन तसेच उभे राहिले. प्रवेश संपला तरी नटाला विंगेची वाट सापडू नये, तसे.

लक्कव्वानं फुलांवर पाणी शिंपडत मान न वळवता सांगितलं, "मागल्या गल्लीत जयलक्ष्मी राहती. माझ्यासारखाच पाय हाय तिचा. सव्वासातला येशील म्हणून सांगून ठेवलंय. पळ लवकर. ती माझ्यागत गरीब स्वभावाची न्हाई."