आत्याबाईंचा रुसवा आणि मालनबाईंचे पन्हे

औदार्य म्हणजे देणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत. परंतु देताना आपले कौतुक थोडे मागे सारून दुसऱ्याच्या मोठेपणाला बसायला जागा करून देणे, हे औदार्याचे सूक्ष्म रूप विरळाच आढळते. चकलांब्याच्या मालनबाईंच्या ठायी ते होते, आणि त्यात खोडकरपणाही भरपूर होता.

वैशाखातल्या लग्नकार्यांत गावाची तहान मालनबाईंच्या स्वाधीन असे. चुलीच्या आरावर भाजलेल्या कैऱ्यांचा गर, गूळ, मीठ, भाजल्या जिऱ्याची पूड, न्हाणीच्या ओलीवर वाढवलेला पुदिना, फुगवलेला सब्जा, आणि रांजणाच्या तळाशी वाळ्याची जुडी, एवढ्या सामग्रीवर त्या उन्हाशी दोन हात करीत. रांजणाजवळ लुडबुडणाऱ्याची गत मात्र बिकट होई.

शेजारच्या आश्रुबांच्या लेकीचे, मायाचे, लग्न ठरले ते तेलगावच्या तानाजीशी. आईविना वाढलेल्या तानाजीला लहानाचे मोठे केले ते त्याच्या आत्याने, भामाबाईंनी. वऱ्हाड आले, लग्न लावणारे भन्तेजी येऊन बसले, आणि नेमक्या त्याच क्षणी आत्याबाई रुसल्या. कारण तसे गहनच होते. मंडपातल्या कूलरचे तोंड त्यांच्याकडे नव्हते.

"ह्या दारचं पाणी पिणार न्हाई," असे जाहीर करून त्या मंडपाबाहेर लिंबाखाली जाऊन बसल्या. कूलर तातडीने वळवण्यात आला. आत्याबाई वळल्या नाहीत. आत्या आल्याविना आपण मंचावर चढणार नाही, असे नवरदेवाने सांगितले. आश्रुबांनी हात जोडले, फेटा काढून पुढे ठेवला. परिणाम शून्य. वरपक्षातील काही मंडळी परत निघण्याची भाषा करू लागली, आणि आत माया डोळे पुसू लागली.

तेव्हा मालनबाई पन्ह्याचा पेला घेऊन लिंबाखाली गेल्या.

"मी पिणार न्हाई," भामाबाई म्हणाल्या.

"पिऊ नकाच, आत्याबाई. रुसलेल्या माणसानं पिऊ नये. पण माझी येगळीच अडचण हाय. सकाळपासून गूळ चाखू चाखू जीभ बधिर झाली. ह्याच्यात काय कमी हाय, तेवढं सांगा. चाखणं काही पिण्यात धरत न्हाईत."

"कावून? तुमच्या गावात कोणाला जीभ न्हाई का?"

"जिभा लई हायेत. चव कळणारी एकबी न्हाई."

हे विधान आत्याबाईंना सर्वथा ग्राह्य वाटले असावे. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले.

"बाई, मीठच न्हाई की ह्याच्यात! वऱ्हाडाला असलं पाजणार होता व्हय?"

"आता मी म्हातारी काय करू? तुमीच बघा."

आत्याबाई उठल्या. पदर खोचून रांजणापाशी गेल्या, मीठ मागवले, घातले, ढवळले, चाखले. पुदिना नीट चुरडला नाही म्हणून वधूपक्षाच्या बायकांना धारेवर धरले. मग स्वतः पेले भरून आपल्याच वऱ्हाडाला दटावू लागल्या, "परत कुठं निघाला रं? पी आधी. मी केलंय." पेल्यापाठोपाठ दुसरा पेला त्यांनी स्वतःही रिचवला, आणि मग नवरदेवाकडे पाहून म्हणाल्या, "तू अजून खालीच? लाज न्हाई का? भन्तेजी कवाधरनं बसलेत."

वंदना झाली, लग्न लागले.

पाठवणीनंतर आश्रुबा घाम पुसत म्हणाले, "वैनी, मीठ इसरलात म्हणून वाचलो बघा."

मालनबाईंनी पदराची गाठ सोडून मिठाची पुडी दाखवली. "भावजी, इतकी वर्षं पन्हं करते. मीठ कशाला इसरंल? आत्याबाई सकाळी गाडीतून उतरल्या, तवाच त्यांचं तोंड बघितलं, आन् पुडी गाठीला बांधली."

गेल्या चैत्रात मालनबाई निवर्तल्या. चकलांब्यात आजही लग्नाच्या पन्ह्यात मीठ घालीत नाहीत. ते घालण्यासाठी वरपक्षातील वडीलधाऱ्या बाईला रांजणापाशी बोलावतात.