टांझानियाच्या आधी कुडपण

मे महिन्याच्या सुट्टीतला शनिवार. सकाळच्या पहिल्या एसटीने मी आणि मार्थाताई महाडहून पोलादपूरला निघालो होतो... टांझानियाला जाणाऱ्या बाईला आधी डोंगरातल्या कुडपण गावाला कशाला जायचंय, हे मला अजून कळलेलं नव्हतं.

नव्वदचं दशक संपता संपताची गोष्ट. मी तेव्हा महाडच्या शाळेत नवीन शिक्षिका, बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहायचे. शेजारच्या खोलीत मार्थाताई, मूळच्या नगरच्या, पेशाने नर्स. त्यांच्या चर्चची काही मंडळी तीन महिने टांझानियातल्या खेड्यांत आजाऱ्यांची सेवा करायला जाणार होती, आणि त्यात ताईंची निवड झाली होती.

आमच्या चाळीत विमानात बसलेला माणूस एकच, घरमालक हमीदचाचा. उभी हयात गल्फला काढलेली. त्यांनी ताईंची बॅग ताब्यातच घेतली. काट्याला लटकवून वजन केलं, चारी बाजूंनी मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं आणि हुकूम सोडला, "बाय, वीस किलो म्हंजे वीस किलो. कपडे कमी कर, मसाला काढू नको." ताईंनी मुकाट्याने मसाला ठेवला... आणि दोन साड्या काढून त्या जागी बँडेजचे रोल भरले.

तयारी नुसती बॅगेची नव्हती. मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची लस टोचून आल्या. मोरीच्या दाराला स्वाहिली शब्द देवनागरीत लिहून चिकटवले. दर शुक्रवारी उपास आणि प्रार्थना. मी चिडवायचे, ताई, आमच्या संकष्टीला निदान चंद्र दिसल्यावर मोदक तरी असतो... त्या नुसत्या हसायच्या.

त्यांच्याकडे एक रीत होती. सेवेला निघणाऱ्याच्या डोक्यावर मंडळीतले वडीलधारे हात ठेवून प्रार्थना करतात. पण त्याआधी, ज्याच्या मनात आपल्याबद्दल काही सलत असेल, त्याच्याकडे स्वतः जाऊन ते मिटवायचं.

ताईंनी वहीत नावंच लिहून काढली होती. त्यात माझंही होतं. नळावर माझी घागर बाजूला सरकवून त्यांनी कधीतरी आपली लावली होती म्हणे... मला आठवतही नव्हतं. मी मोठ्या मनाने माफ करून टाकलं.

आता एकच नाव राहिलं होतं. ते त्यांनी मला एसटीत सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी ताई दुसऱ्या एका दवाखान्यात होत्या. तिथे कुडपणची चंद्राबाई तापाने फणफणलेली मुलगी घेऊन आली, तीही फार उशिरा. ताईंची सलग दुसरी ड्यूटी चालू होती. दारातच त्या बोलून गेल्या, "दोन दिवस घरी ठेवून काय बघत होतीस? आई आहेस का कोण?" संध्याकाळी मुलगी गेली.

"तिने मला हाकललं, तर मी टांझानियाला जाणार नाही," ताई म्हणाल्या. "पास्टरांना तसं सांगूनच निघालेय." तिकीट हातात होतं, रजा मंजूर होती, बॅग दोरीने आवळून तयार होती.

पोलादपूरला एसटी बदलून डोंगराच्या पायथ्याला उतरलो, पुढे सगळी चढण. ताई पन्नाशीला टेकलेल्या, गुडघे कुरकुरणारे. दर वळणावर थांबत होत्या, पण एकदाही 'परत फिरू' म्हणाल्या नाहीत. मी मात्र मनातल्या मनात चार वेळा म्हटलं.

चंद्राबाई अंगणात पावसाळ्याची लाकडं रचत होती. तिने ताईंना बघताक्षणी ओळखलं. ताईंनी हात जोडले, आणि वाटेत जुळवलेलं सगळं विसरून एवढंच म्हणाल्या, "मी तुला फार वाईट बोलले होते. माझं चुकलं."

ती लाकडं रचतच राहिली. बऱ्याच वेळाने हात झटकून म्हणाली, "वाट बंद होती गो तवा. दोन दिस पाऊस, वढ्याला पानी. डोली उचलायला मानसं नाय. तू इचारलंसच नाय."

"नाही विचारलं."

"मी इसरायची नाय."

ताई मान खाली घालून उभ्या होत्या. मला वाटलं, संपलं. मी त्यांचा हात धरून वळणार, तेवढ्यात चंद्राबाई आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. आम्हाला ओटीवर बसवलं आणि विचारलं, इतक्या वर्षांनी आत्ताच कशी आलीस? ताईंनी कुठे जाणार ते सांगितलं, कशासाठी ते सांगितलं, आणि तू नको म्हणालीस तर जाणार नाही, हेही सांगितलं.

चंद्राबाईने विचारलं, "तिकडं पन डोंगर हायत?"

"आहेत."

"मंग जा तू. पन कोन बाय उशिरा आली, तर आधी तिला वाट इचार."

आम्ही डोंगर उतरायला लागलो. मला राहवेना, माफ केलं का हो तिने, म्हणून विचारलंच. "नाही," त्या म्हणाल्या. "काम सांगितलं."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये त्या गुडघे टेकून बसल्या आणि म्हाताऱ्या मंडळींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवले. मी मागच्या बाकावर, सगळे उठले की उठत होते, बसले की बसत होते. प्रार्थनेतलं निम्मं मला कळलं नाही, पण या बाईच्या शेजारी आपली खोली आहे याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. मंगळवारी त्या गेल्या.

पुढे मी बरीच वर्षं शिकवलं. ताईंची हिंमत माझ्यात नाही... चुकले तर मी अजूनही आधी चार सबबी शोधते. पण उशिरा आलेल्या मुलीला वर्गाबाहेर उभं करण्याआधी विचारायला तेवढं शिकले... कुठून आलीस गं, वाट कशी होती? आणि उत्तर ऐकल्यावर तिला बाहेर उभं करणं मला क्वचितच जमलं.