लॉरेन्सबाबाच्या सणाला पेटलेली शेगडी

देवासाठी उपाशी राहणारी माणसं पैशाला पासरी मिळतात, पण देवमाणसाला पुन्हा चटका बसू नये म्हणून स्वतःची शेगडी विझवून बसणारा माणूस अख्ख्या पूर्णा जंक्शनात एकच: आमचे शेजारचे खानसामाकाका. रेल्वेचे ड्रायव्हर-गार्ड विसाव्याला उतरत त्या खोल्यांवर काकांनी नोकरीभर स्वयंपाक केला. त्यांनी लाटलेल्या पोळ्या एकापुढे एक अंथरल्या असत्या, तर पूर्णा ते मनमाड दुसरा रूळ सरकारच्या आधी पडला असता.

त्यांचं दैवत म्हणजे संत लॉरेन्स. काकांच्या तोंडी 'लॉरेन्सबाबा'. बाबाची रोममधली गोष्ट काका अशी सांगत, की त्यातला बादशहा थेट निजामाच्या कचेरीतून उठून आल्यासारखा वाटे. "बादशहा म्हणला, देवळाचा खजिना हाजिर कर! बाबानं आदीच सगळा वाटून टाकलेला. मग लंगडे, आंधळे, भुकेले गोळा करून नेले, म्हणला, घ्या हुजूर, हाच खजिना." बादशहानं मग बाबाला लोखंडी जाळीवर जिवंत भाजलं, आणि बाबा हसून म्हणाला, ही बाजू झाली, आता पलटा. इथं काकांमधला खानसामा खवळायचा. "भाजणाऱ्याला कळू नये व्हय? बिचाऱ्याला सोताच सांगायची पाळी!"

म्हणून दहा ऑगस्टला, बाबाच्या सणाला, काकांच्या घरात काडी पेटत नसे. आदल्या दिवशीच्या भाकरी, दही, ठेचा. आणि पंगतीला स्टेशनवरचे झाडून सारे भिकारी. चहासुद्धा नाही. एकदा मी चोरून बिडी शिलगावली, तर काकांनी माझ्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

गेल्या वर्षी काकू नांदेडच्या दवाखान्यातून घरी आल्या त्या डॉक्टरांनी हात टेकल्यावरच. घशाखाली घास उतरेना. आणि नेमक्या सणादिवशी सकाळी म्हणाल्या, "ज्वारीच्या कण्या खाव्या वाटायल्यात. गरम."

माझी बायको लगेच उठली. "काकू, आमच्याकडून करून आणते की."

"नगं गं बाई. ह्यांच्या हातच्या."

काका भिंतीवरच्या तसबिरीसमोर जाऊन उभे राहिले. सगळी आळी दारात. आयुष्यभर काकांनी बाबाकडं काही मागितलं नव्हतं. जो स्वतः विस्तवावर पडलाय त्याला काय आपलं गाऱ्हाणं सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी हळूच म्हणाले, "बाबा, जरा त्या कुशीला वळा. मी शेगडी पेटवायलोय."

काकूंनी अर्धी वाटी खाल्ली. त्या दिवशीची पंगतही मग कण्यांवरच उठली.

नाताळ काही काकूंनी पाहिला नाही.

यंदा सणाला आम्ही मुद्दाम गार दहीपोहे घेऊन गेलो, तर काकांच्या शेगडीवर कण्या रटरटत होत्या.

"काका, आज?"

"बाबा काय म्हणत न्हाई," त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. "मीठ बघ बरं जरा. आता सांगाया कुनी न्हाई."