शेवटचं पान पत्रिकेच्या पाठीवर

‘म्हातारीनं झाकणावर तीनदा ठोकलं.’ कथा इथंच संपली होती. पान उलटलं तर भिंतीच्या रंगाची जाहिरात. मी पुढची चार पानं पाहिली, मागची पाहिली, दिवाळी अंक उलटा धरून झटकला. माझं वय बहात्तर, शिक्षण चौथी, ही पहिलीच छापलेली कथा, आणि तिला शेवटच नाही.

कथा अशी होती. पुढं कधीतरी ऊन इतकं वाढतं की आमच्या पारनेरकडचं एक गाव जमिनीखाली राहायला जातं. रोज पहाटे एकानं वर जायचं, आभाळ बघायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. सामाईक विहिरीच्या पाण्याला आमच्याकडं पाळ्या असतात, तशाच ह्या पाळ्या. एक म्हातारी आपल्या पाळीला शेळी घेऊन वर जाते. परत येते तर झाकण बंद. सूर्य उगवायला आलाय. ती ठोकते. पुढचं सगळं अठराव्या पानावर होतं.

मी संपादकांना फोन लावला.

“आजी, आमच्याकडं सतराच पानं आली,” ते म्हणाले.

“अठरा होती.”

“नाही. सोबत तुमच्या घरच्या लग्नाची पत्रिका तेवढी होती.”

मग माझ्या लक्षात आलं. सतराव्या पानाला वही संपली होती. भावकीतल्या लग्नाची पत्रिका घरात पडलेली, कागद जाड, पाठ कोरी. आम्ही पत्रिका कधी टाकत नाही. दळणाची यादी, औषधाच्या वेळा, सगळं तिच्या पाठीवर. मी कथेचा शेवटही तिथंच लिहिला. त्यांनी कोपऱ्यावरचं हळदीकुंकू पाहिलं आणि उलटून बघितलंच नाही.

“आम्ही शुभेच्छा पाठवल्या होत्या. मिळाल्या ना?”

मिळाल्या होत्या. आषाढात कार्ड आलं होतं, ‘आपल्या घरच्या शुभकार्यास शुभेच्छा.’ कथा पसंत पडली की मासिकवाले असंच कळवत असतील, असं मला वाटलं. ते कार्ड मी देव्हाऱ्यात ठेवलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

पत्रिका रद्दीत गेली होती. ते म्हणाले, “शेवट पुन्हा लिहा. दहा दिवसांत आला तर पुढच्या अंकात छापतो. आणि आजी, कागदाच्या एकाच बाजूला लिहीत जा.”

“एकाच बाजूला लिहिलं होतं,” मी म्हणाले.

शेवट मला पाठ होता. खालच्या लोकांना ठोकलेलं ऐकू जात नाही आणि म्हातारी मरते. तेच पुन्हा उतरवलं असतं. पण कथेखाली माझा नंबर छापला होता, आणि केडगावहून एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. झाकण कशाचं, जाड किती, वरचा आवाज खाली का जात नाही, असं त्यांनी विचारलं.

“नाही जात,” मी म्हणाले.

“तुम्ही ऐकून पाहिलंत का?”

मला राग आला. पण पाहिलं नव्हतं, हे खरं.

आमच्या दाराशी सिमेंटचा हौद आहे, वर लोखंडी झाकण. टँकर यायला दोन दिवस होते, हौद कोरडा होता. शेजारी थोरली जाऊ राहते. तिला बोलावलं.

“जाऊबाई, मी हौदात उतरते. तुमी झाकन लावा आन् वरून ठोका.”

“जीव द्यायचा आसल तर टँकर येऊ दे की. आता कोरडा हाय.”

“गोष्टीसाठी उतरतेय.”

“चौथी शिकून ही तऱ्हा. दहावी झाली आसतीस तर चंद्रावर गेली आसतीस.”

शिडी लावून उतरले. तिनं झाकण ओढलं आणि बत्त्यानं ठोकलं. सगळा हौद घुमला, कानठळ्या बसल्या. एवढंच नाही, “ऱ्हाऊ दे हिला हितंच” असं ती पुटपुटली, तेही स्वच्छ ऐकू आलं.

म्हणजे माझा शेवट खोटा होता. खालच्यांना सगळं ऐकू गेलं होतं. मग उघडलं का नाही? मी अंधारात बसून विचार केला. वर जायची पाळी मी ठरवून दिली होती. झाकण उघडायची पाळी कुणालाच दिली नव्हती.

“मेलीस का हायेस?” वरून जाऊ म्हणाली.

“हाये. थांबा जरा.”

“मला ऊन लागतंय.”

“ऊन लागल्यावर तुमी काय करनार?”

“काय करनार? सावलीला जाऊन बसन. तुझ्या झाकनापाशी डोकं फोडीत ऱ्हाऊ व्हय?”

बाहेर आल्यावर तिला चहा करून दिला आणि लिहायला बसले. नवी वही, एकच बाजू. ठोकलेलं खाली प्रत्येकानं ऐकलं. उघडायचं कुणी, यावर दुपारपर्यंत भांडण चाललं. म्हातारीनं तीनदाच ठोकलं, चौथ्यांदा नाही. ती शेळीला घेऊन जुन्या शाळेच्या भिंतीआड बसली आणि सावली सरकेल तशी सरकत राहिली.

शेवट छापून आला. खालच्यांचं काय झालं, हे मास्तरांनी पुन्हा फोन करून विचारलं. मी म्हणाले, ते मी लिहिलेलं नाही. संध्याकाळी वर म्हातारी आणि शेळी, दोघी जिवंत होत्या.