राखेवर ठेवलेला हात

"आदी पानी, मंग काडी," असं म्हणत ती विहिरीवरच्या दोन भरलेल्या बादल्या अंगणात आणून ठेवायची आणि मगच ओच्यातली काडेपेटी काढायची.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वसईतल्या एका शाळेत नोकरी लागल्यामुळे मी तिथे भाड्याच्या घरात राहत होते. आमच्या आळीतल्या पाच-सहा अंगणांचा पाचोळा ही बाई जाळायची. सगळे तिला मावशी म्हणत. लाल लुगडं, गळ्यात क्रूस, हातात बांबूची काठी. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या कामाला कोणी काम समजतच नाही. मीही समजत नव्हते. केर जाळायला काय अक्कल लागते?

तिला मात्र वाटायचं, लागते. ढीग कुंपणापासून लांब, मोकळ्या जमिनीवर आणि गुडघ्याच्या खालीच. पेटवण्याआधी ती काठीने तो उलटापालटा करायची. "निंगा रे बाबांनो," असं बेडकांना, सरड्यांना सांगायची. एकदा फणसाच्या पानांतून धामण निघाली आणि मी ओरडत ओट्यावर चढले. मावशी शांतपणे म्हणाली, "जाऊ द्या बाई, तिला काय शालेत घालायची हाय?"

चिमूटभर राख हवेत सोडून ती वारा बघायची. दहाच्या सुमाराला समुद्राकडचा वारा सुटला की काम बंद. शेवटी पाणी ओतून, राख ढवळून, तिच्यावर तळहात ठेवायची. "झोपली," म्हणायची आणि मग घरी जायची.

त्या शनिवारी वारा लवकर सुटला. तिने अर्धाच ढीग जाळला, विझवला, हात ठेवून बघितला. "बाकीचं सोमवारी," म्हणाली. पण रविवारी दुपारी माझ्या सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला यायची होती. नवरा त्यांना आणायला स्टेशनवर गेला होता. मावशी चर्चमध्ये मिसाला गेली होती. अंगणातला तो ढीग मला बघवेना. तांब्याभर पाणी शेजारी ठेवून मी काडी ओढली. तेवढ्यात चुलीवरचं कालवण उतू गेल्याचा वास आला, म्हणून आत धावले.

बाहेर आले तेव्हा वाऱ्याने ठिणग्या उडून कुंपणापलीकडच्या काकांचा गोठा पेटला होता. पेंढ्याचं छप्पर होतं, वेळ लागलाच नाही. काकांनी दावं कापून गाय बाहेर काढली, पण तिची पाठ पोळली होती. ती हंबरत वाडीभर सैरावैरा धावत राहिली.

मिसाहून आलेली मावशी फाटकातच थबकली. काका ओरडले, "काल तूच पेटवलं होतंस ना? विस्तव खाली धुमसत राहिला, तुला कळलं नाही?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "बाई, मी हात ठेवला व्हता ना?"

मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं."

तिने आपला तळहात उघडून पाहिला, जणू तोच खोटं बोलला होता. मग हळूच म्हणाली, "राहिला आसंल मंग. वय झालं माजं."

त्यानंतर तिला पाचोळ्याला कोणी बोलावलं नाही. तीही आली नसती. पण रोज सकाळी डोक्यावर हिरव्या गवताचा भारा घेऊन ती काकांच्या दारात जायची. काका न बोलता भारा उतरवून घ्यायचे.

एकदा मी तिला वाटेत गाठलं. सांगायचंच, असं ठरवून गेले होते. "मावशी, त्या आगीचं..."

"नका काडू बाई," ती म्हणाली. "मी कुमसार केला. फादरजवल पाप सांगून मोकली झाले. आता हे गवत तेवढं घालते, मुकं जनावर पोलवलं मी."

माझं पाप तिने देवाजवळ आपल्या नावाने कबूल केलं होतं. ते ऐकूनही माझी जीभ उचलली नाही. "बरं," एवढंच म्हटलं मी. भारा जड होता, त्याला हातही लावला नाही.

पुढे माझी बदली झाली. तीन-चार वर्षांनी, मावशी गेल्याचं कळलं तेव्हा मी वसईला आले. तिची माती आदल्याच दिवशी झाली होती. मी सरळ काकांकडे गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

काका ओटीवर बसले होते.

"तीन पावसाळे गवत घेतलं मी तिच्याकडून," ते म्हणाले. "एकदासुद्धा पाणी विचारलं नाही."

मी म्हणाले, "काका, चूक माझी होती."

"ते कळलं. पण तुम्ही आज सांगून मोकळ्या झालात, बाई. मी आता कोणाला सांगू?"

ते उठले, आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.