तोंडावरनं कळत न्हाई

आमचा मामा कुणाच्याही घरी गेला की पाणी प्यायच्या आधी विचारायचा, "रागावलाय का तुमी?" नव्या माणसाची भंबेरी उडायची. आम्ही भाचरं त्याला इचारमामाच म्हणायचो आणि त्यालाही ते आवडायचं. पण हा प्रश्न त्याच्या तोंडी यायला त्यानं आणि मामीनं फार सोसलं होतं.

मामा वडूजकडचा, मेंढरांचा माणूस. दिवाळी झाली की कळप घेऊन पाटणकडं उतरायचा. कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पुढं निघायचं. त्याचा सगळा जीव त्या वाटेत. मग जवळ कुणी नसताना त्याच्या कानात बोलणी सुरू झाली आणि समोरच्या प्रत्येक तोंडावर त्याला राग दिसायला लागला. एका वर्षी पाटणच्या एका शेतकऱ्यानं बांधावरून नुसतं बघितलं, तर हा मारायला येतोय म्हणून मामा कळप तिथंच टाकून पळाला. मेंढरं मामीनं एकटीनं घरी आणली. पुन्हा त्याला वाटेवर पाठवायचं नाही, असं घरात ठरलं. मामा दिवसभर मेंढरांत बसून राहायचा. म्हणायचा, "मेंढरं कवा तोंड वाकडं करत न्हाईत."

मी सांगलीत नोकरीला होते, म्हणून मीच त्याला तिथल्या डॉक्टरबाईंकडं नेलं. स्किझोफ्रेनिया निघाला. गोळ्या सुरू झाल्या. दिवसा जांभया यायच्या, हात जरा कापायचा, पण कानातली बोलणी हळूहळू मागं हटली. चेहऱ्यांची भीती मात्र राहिली. त्यावर आम्ही घरच्यांनी एक शहाणपणा केला होता. मामासमोर तोंडावर काहीच दाखवायचं नाही, ना हसू, ना रडू. मामी दगडासारखी बसून भाकरी वाढायची आणि मामा घास टाकून उठायचा.

डॉक्टरबाईंनी हे ऐकून कपाळाला हात लावला. या आजारात कोऱ्या चेहऱ्यावरही राग दिसतो, त्या म्हणाल्या. गोळीनं भास आणि संशय कमी होतील, पण चेहरे वाचणं एकट्या गोळीनं पुरतं परत येईलच असं नाही. तेव्हा मनातलं तुम्ही तोंडानं सांगा आणि शंका आली की त्यानं विचारावं.

हे मामीला कुठलं जमायला! इतक्या वर्षांच्या संसारात मनातलं बोलून दाखवायची वेळच आली नव्हती. शेवटी एकदा ती लाजत म्हणाली, "म्या रागावली न्हाई. चुलीच्या धुरानं डोळं बारीक झाल्यात." मामानं तिच्याकडं बराच वेळ बघितलं आणि ताट पुढं ओढलं. पुढं मामीला चटकच लागली. कधी ती आज मात्र रागावलेय म्हणून ठणकावून सांगायची आणि मामा बिनघोर जेवायचा. सांगितलेल्या रागाचं त्याला काही वाटत नसे.

पुढच्या दिवाळीनंतर मामानं कळप काढायचं ठरवलं. घरात कुणाचा जीव थाऱ्यावर नव्हता. गोळ्या मामीच्या पिशवीत होत्या आणि मीही रजा काढून बरोबर गेले. नेमका तोच बांध, तोच शेतकरी, आणि तोंड तसंच ताठ. मामा थबकला. मी मामीचा हात घट्ट धरला. आता हा पळणार, असंच मला वाटलं.

मामा सरळ त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"पावणं, रागावलाय का? मला तोंडावरनं कळत न्हाई, म्हणून इचारतो."

शेतकरी गोंधळला. मग गालावर हात ठेवून म्हणाला, "न्हाई वो. दाढ ठणकतीया. बसवा की मेंढरं."

मामी तिथंच बांधावर बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. मामा मागं वळला.

"का गं रडतीयास?"

"लय बरं वाटलं म्हणून."

"मग रड," मामा म्हणाला आणि मेंढरं रानात हाकायला लागला. त्यानंतर मरेपर्यंत त्याची ती वाट एकाही वर्षी चुकली नाही.